धुतलेली पेटी

वेवजी गावच्या मथीबायने मला फसवलं नाही. मी तिला फसवलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. उलट डहाणू रोडच्या बाजारात, भर गर्दीत, मीच बोंब मारली होती की या बाईने मला रोगट मधमाश्या विकल्या.

चिकूचे क्रेट डोक्यावर वाहत मी सुरुवात केली, आज वाडीचा मालक आहे. घासाघीस हा माझा धंदा, आणि खरं सांगू? — माझं सुखही तेच. वाडीत फळ कमी धरायला लागलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, मधमाश्या ठेव. मथीबाय जंगलातल्या सातेरी माश्या पकडून पेटीत वसवते आणि विकते. मी तिच्याकडे गेलो.

"माश्या उडून गेल्या तर दुसरी पेटी द्यायची," मी म्हणालो. माश्यांची हमी कुणी देतं का?

ती हसली. "शेठ, बायको आणलीस तेव्हापण अशीच हमी मागितलेलीस काय?"

तरी मी तिच्या ओट्यावरून उठलो नाही. चहा झाला, तिच्या घरची भाकरी खाऊन झाली, शेवटी ती वैतागून हो म्हणाली. पण एक अट तिनेही घातली. पेटीचं वरचं घर तुझं, खालचं त्यांचं. खाली पिल्लं असतात आणि पावसाळ्यात खायची साठवण असते. तिथे सुरी लावायची नाही.

मी नवशिका होतो, त्यात व्यापारी. आत माल किती आहे ते न बघता मला चैन पडेल? चिकू दाबून बघावा तशी मी रोज पेटी उघडायचो, चौकटी उचलून बघायचो. ओठाला माशी चावली, बायको पोट धरून हसली, मी तिच्यावरच ओरडलो. वरचं घर रिकामंच. खालच्या चौकटींच्या वरच्या कडेला मात्र मेणाने बंद केलेला मध होता. पावसाळा तोंडावर आला होता. मला वाटलं — फुलं माझ्या वाडीतली, मग मध कुणाचा?

कापला. सगळा कापला. त्यात पिल्लंही चिरडली. चव विचाराल तर — फार गोड होता.

थोड्याच दिवसांत पेटीत एक माशी उरली नाही. तिथेच गप्प बसलो असतो तर? पण हातात हमी होती ना, ती वाया कशी घालवायची? मी कापून उरलेली पोळी खरवडून काढली, पेटी विहिरीवर नेऊन घासली, उन्हात वाळवली. मग बाजार गाठला. ती पालेभाजी मांडून बसली होती. "खालच्या घराला हात लावलास?" तिने विचारलं. मी गळ्याशी चिमटा धरून शपथ घेतली, आणि मग तो आरडाओरडा.

ती वाडीत आली. झाकण काढून आत पाहिलं, पेटीचा वास घेतला. म्हणाली, "चकाचक धुतलीस की, शेठ."

बस. एवढंच. दुसरी पेटी तिने मुकाट आणून ठेवली.

माश्या जातात तेव्हा पोळी मागे ठेवून जातात. रिकामी पेटी धुवायची गरज कुणाला पडते? — हे मला पुढे कळलं, माझ्याकडे माश्या टिकायला लागल्यावर. तिला त्याच क्षणी कळलं होतं. आणि माझा राग कशावर आहे सांगू? ती भांडली नाही, यावर. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, हिशेब मिटला असता. तिने मला भांडायलाही वाव ठेवला नाही. हा राग मी अजून जपून ठेवलाय.

बाकी माझं छान चाललंय. त्या दुसऱ्या पेटीच्याच आता कितीतरी पेट्या झाल्या. चिकू लगडतो. दुपार कलली की मी चहा घेऊन पेट्यांमध्ये बसतो. नुसत्या गुणगुणण्यावरून कळतं, आत सगळं ठीक आहे की नाही. लोक शिकायला येतात. "खालचं घर त्यांचं," मी सांगतो — जणू माझंच वाक्य.

गेल्या आठवड्यात धाकटी डहाणू गावच्या बायका आल्या होत्या. त्यांना बचत गटासाठी पेट्या घ्यायच्या आहेत. एकीने विचारलं, "काका, वेवजीहून घेऊ का? पण ती बाई रोगट माश्या देते म्हणतात."

म्हणतात. कोण म्हणतं? मीच ना? आणि मी काय केलं? चहाचा घोट घेतला.

आज त्यांना निरोप धाडलाय — वेवजीहूनच घ्या. पण निरोपाने भागत नाही. येत्या बाजाराला मथीबाय तिच्या जागेवर बसलेली असेल. मी तिच्यासमोर उभा राहून हे सगळं सांगणार आहे, तेव्हा ओरडलो होतो तेवढ्याच आवाजात. तिने माफ करावं असं माझं म्हणणं नाही. पण माझ्या ओरडण्यावर ज्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं, त्यांनी आता माझी कॉलर धरावी आणि विचारावं — शेठ, पेटी का धुतलीस? जाब मीच द्यायचा आहे, आणि तिथेच, भर बाजारात.