दुसऱ्याच्या सुट्टीवर केलेली सेवा

आमच्या मराठी मंडळाच्या अंकात ‘आपली माणसं’ असं एक सदर असतं. यंदा त्यात मृणालिनीताई साळवेंवर मी लिहावं असं ठरलं, कारण म्हणे मी त्यांच्याबरोबर आठ महिने काम केलं. केलं खरं. त्याच महिन्यांत माझ्या घरी राहणाऱ्या, माझ्या मुलीला सांभाळणाऱ्या ताहेरुन्निसाच्या छातीत गाठ वाढत होती, आणि आज ती जालन्याला दवाखान्यात केमो घेते आहे. बरी होईल का, हे कुणी छातीठोक सांगत नाही. तेव्हा गोडगोड ओळख हवी असेल तर दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगा.

ताई जालन्याच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आई मिशनच्याच दवाखान्यात आया. त्या दवाखान्यात ताई नर्सिंग शिकल्या आणि तेवीस वर्षांपूर्वी दोह्यात नोकरीला आल्या. लग्न केलं नाही. का, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. जालन्यात त्यांच्या चर्चची मंडळी निराधार म्हाताऱ्यांसाठी एक घर चालवतात. त्या घरासाठी ताई इथून दर दोन महिन्यांनी कार्गोचा खोका पाठवायच्या. चादरी, स्वेटर, चपला, गाऊन. खोका भरताना प्रत्येक कपड्याची बटणं स्वतः तपासायच्या आणि एक जरी तुटलेलं सापडलं तरी कपडा देणाऱ्याच्या हातात परत. “म्हातारं माणूस काय उघड्या अंगानं हिंडंल का?” असं तोंडावर विचारायच्या. मी दिलेले दोन शर्ट असेच परत आले होते. मला राग आला होता तेव्हा. फुकट देतोय ना, मग नखरे कसले, असं घरी येऊन मी यशोधनला म्हणाले होते. यशोधन माझा नवरा. तो गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये असतो, त्यामुळे माझं निम्मं बोलणं तो झोपेतच ऐकतो.

इथं आठवड्याची सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चची प्रार्थनाही शुक्रवारीच. सकाळी ताई चर्चला जायच्या आणि अकराच्या सुमाराला फरीज बिन ओमरानमधल्या त्यांच्या फ्लॅटचं दार उघडायचं. घरकाम करणाऱ्या, ऑफिसं झाडणाऱ्या बायका सुट्टीच्या दिवशी तिथं यायच्या. नेपाळी, तेलुगू, श्रीलंकेच्या, फिलिपिन्सच्या. वरणभात, चहा, बीपी बघणं, शुगर बघणं, कुणाला इस्पितळात सोबत हवी असेल तर कोण जाणार ते ठरवणं. कुणाचा धर्म कुणी विचारायचं नाही. एकदा त्यांच्या चर्चमधल्या एका नव्या उत्साही बाईनं वाटायला धर्माची पत्रकं आणली, तर ताईंनी ती पिशवीसकट तिच्या गाडीत नेऊन ठेवली. “प्रभूनं आधी शिष्यांचे पाय धुतले बाई. बोलणं मागून,” एवढंच म्हणाल्या आणि वरणाला फोडणी घालायला गेल्या.

माझी त्यांची ओळख झाली ती भैरवीच्या कानामुळे. भैरवी माझी मुलगी, चार वर्षांची. ताईंच्या क्लिनिकमध्ये कान दाखवायला नेलं होतं, तिथं बोलता बोलता शुक्रवारचा विषय निघाला. मलाही काहीतरी करायचंय, असं मी म्हणाले. हे म्हणताना माझ्या मनात फार थोर काही नव्हतं. आठवडाभर ऑफिसात आकडे बघायचे आणि शुक्रवारी मॉलमध्ये फिरायचं, याचा वीट आला होता. शिवाय असं काही करतो हे चारचौघांत सांगायला बरं वाटतं. पुढे सांगितलंही भरपूर.

पहिल्याच शुक्रवारी ताईंनी मला दारात थांबवलं.

“घरी कामाला बाई आहे?”

“आहे ना. चोवीस तासांची.”

“आज कुठंय ती?”

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. घरी बाई असेल तर तिची सुट्टी आधी. नाहीतर तिला बरोबर घेऊन यायचं. “दुसरीची सुट्टी खाऊन इथं सेवा करायची नाही, गौरी. जमत नसंल तर घरी बस. मी काही रागावणार नाही.”

“तिला शनिवारी असते,” मी म्हणाले.

धडधडीत थाप. ताहेराला शनिवारी सुट्टी नव्हती, रविवारी नव्हती, कधीच नव्हती. ती निजामाबादची, तीन वर्षं आमच्या अल मुंतझाच्या फ्लॅटमध्ये होती. “तुला हवी तेव्हा घे सुट्टी,” असं मी आल्या आल्या तिला सांगितलं होतं, आणि ती कधी मागत नाही म्हणून मैत्रिणींत तिचं कौतुक करत होते. आमच्याकडे ती अगदी घरच्यासारखी, हे तर माझं पेटंट वाक्य होतं. घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी, हा त्याचा खरा अर्थ. आता लिहिताना तोंड कडू होतं.

ताईंनी विश्वास ठेवला. माणूस असल्या बाबतीत खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच येत नसावं. मला काम मिळालं ते बायकांना छातीची तपासणी कशी करायची हे शिकवण्याचं. त्यासाठी कापसाच्या उशा हव्या होत्या, आत कुठेतरी काबुली चणा दडवलेल्या, म्हणजे बोटांनी गाठ शोधण्याचा सराव होतो. मला कुठला वेळ? मी ते काम ताहेराला दिलं. तिनं दोन दुपारी बसून बारा उशा शिवल्या. इतक्या सुबक की ताईंनीसुद्धा टाक्यांचं कौतुक केलं. ते कौतुक मी घरी पोचवलं नाही.

“दीदी, ये किस लिए?” शिवताना तिनं विचारलं होतं.

“औरतों को कुछ सिखाना है. बाद में बताती हूँ,” मी म्हणाले आणि फोन घेतला. बायकांना शिकवायचं आणि समोर बसलेली बाई मला दिसत नव्हती.

ऑक्टोबरपासून जूनपर्यंत मी शंभराच्या वर बायकांना शिकवलं. दर शुक्रवारी ताहेरा भैरवीला जेवू घालायची, झोपवायची आणि मी दमून आले की माझ्या हातात चहा द्यायची.

जूनमधल्या एका शुक्रवारी मी घरी आले तर ती भैरवीला डाव्या हातानं उचलत होती. उजवा हात अंगाशी धरलेला. मी विचारलं, तर म्हणाली, कुछ नै दीदी. भैरवी इंग्रजीत म्हणाली, “मम्मा, शी कान्ट लिफ्ट दॅट वन. इट हर्ट्स हर. शी टोल्ड मी.” चार वर्षांच्या पोरीला माहीत होतं.

मी तिला खोलीत नेलं आणि हात लावला. इतक्या महिन्यांच्या सरावानं बोटांना लगेच कळलं. चण्याएवढी नव्हती. लिंबाएवढी होती.

“कब से है?”

“रमजान के पहले से.”

“तो बोली क्यों नहीं?” माझा आवाज चढला. तिच्यावरच चढला, बघा.

“वो चने के तकिए सिए तब आप बोले थे ना, बाद में बताती करके. मैं सोची, बताएँगे.”

ताई वीस मिनिटांत टॅक्सीनं आल्या. पुढचे दहा दिवस इस्पितळ, सुई, रिपोर्ट, सगळीकडे त्याच. गाठ काखेपर्यंत पसरली होती. चार-पाच महिने आधी आली असती तर बरंच सोपं होतं, असं डॉक्टर सरळ म्हणाले. बाहेर बाकावर आल्यावर ताईंचा संयम सुटला. त्यांना असं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“शनिवारी सुट्टी मिळते ना तुला? मिलती ना छुट्टी?”

ताहेरानं माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. मग मान खाली घातली आणि म्हणाली, “हौ. मिलती.”

“फिर आई क्यों नहीं? कामून नाही आलीस? इतकी कशी गं स्वतःबद्दल बेफिकीर?” ताई बोलत राहिल्या. ती ऐकत राहिली. तिची माफी मागायची, खरं सांगायची तीच वेळ होती, आणि मी पर्समध्ये हेल्थ कार्ड शोधत बसले. कार्ड माझ्या हातातच होतं.

उपचार इथंही झाले असते, पण तिला आईजवळ राहायचं होतं. निजामाबाद आणि जालना एकाच रेल्वे लाइनवर. ताईंची निवृत्ती सप्टेंबरात होती, ती त्यांनी जुलैतच घेतली आणि तिला घेऊन गेल्या. ताहेरा आणि तिची आई आता जालन्यात ताईंच्या घरी राहतात, उपचार ताई शिकल्या त्याच दवाखान्यात चालू आहेत. शुक्रवारचा फ्लॅट त्यांच्या चर्चच्या दोघीजणी बघतात. मी जात नाही.

गेल्या शुक्रवारी मी ताईंना फोन केला, या लेखासाठी दोन-चार तारखा विचारायला. तारखा सांगून झाल्यावर ताई म्हणाल्या, “लई गुणी पोर आहे गं. केमोला हूं की चूं करत नाही. फक्त स्वतःची हेळसांड केली तिनं. अजून बोलते मी तिला.”

अजून बोलते. म्हणजे जूनपासून ती पोर माझ्या वाटची बोलणी खात होती. त्या आजारात, त्या घरात, मान खाली घालून.

“ताई, तिला शनिवारी सुट्टी नव्हती,” मी म्हणाले. “कधीच नव्हती. मी खोटं सांगितलं तुम्हाला. तिनं मला सांभाळून घेतलं.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मी फोन कट झाला का बघितलं. नव्हता.

“मी तिला रागावले,” शेवटी त्या म्हणाल्या. “माझी माफी मी मागंन तिची. तुझी तू माग. थांब, देते.”

मी नको म्हणायच्या आत फोन तिच्या हातात गेला. आवाज पार बारीक झाला होता.

“दीदी? कैसे हैं?”

मी बोलायला तोंड उघडलं. आठ महिन्यांचं, तीन वर्षांचं काय काय सांगायचं होतं. पण नुसती रडत राहिले. तिला वाटलं लाइन खराब आहे.

“दीदी, सुनाई देरा? आज तो जुम्मा है ना. आप गए नै सेवा कू?” ती काळजीनं विचारत होती. “मैं नै हूँ करके जाने नै होरा क्या? भैरवी कू कौन देखरा?”

“मी,” मी मराठीतच म्हणाले. “मीच बघतेय.”