मालतीबाईंची जाळी

आज नर्सने माझ्या पायाची पट्टी सोडली. घोट्यावरच्या जखमेला घाण वास येत होता. वर लावलेली जाळी जवळजवळ विरघळली होती आणि तिच्या कडेने नखाएवढी नवी, गुलाबी कातडी धरली होती. ती पाहून मला माझीच शिसारी आली.

पेशींना वाढायला आधार लागतो, वेलाला मांडव लागतो तसा. आमच्या प्रयोगशाळेतल्या दाट कापडावर त्या नुसत्या गोळा होऊन मरायच्या. कापडाचं तंत्र शिकवणाऱ्या मालतीबाई एकदा ते पाहून म्हणाल्या, "सर, केवढी घट्ट वीण ही! जिवाला जागा नको का?" त्यांनी विरघळणाऱ्या धाग्याची सैल जाळी विणून आणली आणि पेशी पसरल्या.

शोधनिबंधात मी त्यांना शेवटी, आभारांत ढकललं: 'कापड पुरवल्याबद्दल.' "विणणारी बाई आपल्या पंगतीत कुठे बसवायची?" असं हसत म्हणणाराही मीच. पुढे वर्षानुवर्षं, सगळ्या शास्त्रांनी हातात हात घालावेत, अशी भाषणं ठोकत फिरलो. किळस येते त्या टाळ्यांची.

"आजोबा, ही जाळी तुमचीच ना? डॉक्टर सांगत होते," नर्स म्हणाली.

"नाही. मालतीबाईंची."

मग मी तिला सगळं सांगितलं, आज इथे लिहितोय तसंच. हातमोजे काढत ती म्हणाली, "अहो, मग त्यांना कळवा की, तुमच्याच पायाला लागली म्हणून!"

त्या हयात आहेत का, हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.