लाल दोऱ्याच्या अलीकडची चार बोटं

सगळी गल्ली म्हाताऱ्याला मोजपट्टी म्हणायची, तेही तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे. पन्नास वर्षं हातमागावर घासलेला माणूस. समोरच्याच्या सदऱ्यात एक दोरा सुटलेला दिसला तरी बोलता बोलता थांबायचा आणि नेमकं तिथं बोट लावायचा. मुलाच्या लग्नात व्याह्याच्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरून त्यानं विचारलं होतं, "हे कुणी विणलं? आंधळ्यानं?" ते व्याह्यानंच विणलेलं निघालं. लग्न मोडलं नाही हे नशीब.

मुलाचा हात मात्र सैल होता. स्वभावानं पोरगा लोण्यासारखा, कुणाशी वाकडं नाही. पण मागावर बसला की गुणगुणायला लागायचा आणि त्या नादात सूत दाबणाऱ्या फणीचा ठोका कधी जोरात पडायचा, कधी पडल्यासारखा करायचा. बापलेकांचे माग एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. मधल्या जागेत सून रहाटावर दोघांसाठी सुताच्या कांड्या भरायची. म्हातारा पाठ न वळवता नुसत्या आवाजावरून ओळखायचा.

"अरे, कापड विणतोयस का मासे धरायचं जाळं?"

"जाळंच आहे बाबा. तुम्ही अडकू नका म्हणजे झालं."

सून तोंडाला पदर लावून हसायची. अशी सतरा वर्षं गेली. घरात मूलबाळ झालं नाही, म्हातारी आधीच गेली होती. तिघंच माणसं आणि दोन माग.

एका मंगळवारी सकाळी मुलगा पाणी प्यायला मागावरून उठला, माठापर्यंत गेला आणि तिथं जो बसला तो बसलाच. तांब्या गडगडत मागाखाली आला तेव्हा म्हातारा ओरडला, "काय रे, हातात जीव नाही का?" आणि खरंच नव्हता. एकोणचाळीस वर्षांचा होता.

त्या गल्लीत विणकरच राहत, आणि विणकर मेला की काय करायचं ते ठरलेलं होतं. कधीपासून ते कुणालाच माहीत नव्हतं. मागावर अर्धं राहिलेलं कापड तसंच कापून काढायचं नाही. घरच्याच माणसानं बसून ते पुरं करायचं. जिथं मेलेल्याचा हात संपला आणि दुसऱ्याचा सुरू झाला तिथं बाण्यात, म्हणजे आडव्या सुतात, एक लाल दोरा घालायचा, एकच, बोटाला लागेल असा जाड. कापड पुरं होईपर्यंत गल्लीतला एकही माग वाजायचा नाही. मग गल्लीतला थोरला येई. नजर गेलेला म्हातारा तो, पण बोटं शाबूत. कापडाच्या सुरुवातीपासून लाल दोऱ्यापर्यंत तो बोटं फिरवी आणि मेलेल्याच्या कामाबद्दल एकच वाक्य बोले. घरच्यांनी "ऐकलं" म्हणायचं. संपलं. त्यानंतर त्या माणसाचं नाव निघालं की लोक तेच वाक्य बोलत. मोजपट्टीच्या बापाला जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी अजून लोक म्हणत, "ज्याच्या कापडातून पाणी गळत नव्हतं तो." एक आळशी चुलता होता, त्याच्याबद्दलही थोरल्यानं काहीतरी शोधून काढलं होतं: "यानं कधी दोरा वाया घालवला नाही." विणलंच नाही तर वाया कुठून घालवणार!

म्हणजे वाक्य सगळ्यांना मिळे. पण ते खरं असावं लागे. म्हातारा अडला तो तिथंच.

तीन दिवस झाले, पाच झाले. "उद्या बसतो," म्हातारा म्हणायचा आणि उंबऱ्यात बसून राहायचा. सहाव्या दिवशी शेजारचा ढोल्या आला. अंगानं ढोलासारखा, मनानं हलका माणूस.

"दादा, घाई कुणालाच नाही. फक्त माझी बायको म्हणते, माग बंद असला की मी घरात फार दिसतो."

म्हातारा हसला नाही. "तूच सांग. थोरला काय बोलेल?"

"बोलेल की काहीतरी. आवाज काय गोड होता त्याचा."

"कापडाबद्दल बोलायचं असतं."

ढोल्यानं मान खाजवली, छपराकडे पाहिलं, परत मान खाजवली. "सापडेल त्यांना," म्हणाला आणि चपला शोधायला लागला. त्या पायांतच होत्या.

त्या दुपारी म्हातारा मुलाच्या मागावर बसला. सून नळावर गेली होती. बसायच्या फळीला मुलाच्या वजनानं खळगा पडला होता, म्हाताऱ्याला तो मोठा होत होता. त्यानं कापडावर हात फिरवला. सैल. मधेच दाट, मधेच विरळ. आणि शेवटी शेवटी तर फारच, जणू ठोकाच दिला नव्हता. त्यातच बोट अडकलं. ताण्यातला एक उभा दोरा तुटलेला होता आणि तो न जोडता पोरानं तसंच पुढं विणत नेलं होतं. चार बोटं लांबीची फट, केसाएवढी.

असा दोरा दिसला की करायचं काय, हे म्हाताऱ्याला विचार करून कधी ठरवावं लागलं नव्हतं. त्यानं तुटकी टोकं शोधली. मग बाणा उलटा ओढायला घेतला. एक ओळ, दुसरी ओळ, सुताचा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. उसवलेलं सूत मांडीवर पडत गेलं. फट जिथं सुरू झाली होती तिथपर्यंत तो पोचला, दोरा जोडला, गाठ दातानं दाबली, अंगठ्यानं चाचपून पाहिली. बरोबर बसली होती. "हां," तो स्वतःशी म्हणाला.

आणि मग त्यानं मांडीकडे पाहिलं.

सून घागर घेऊन आत आली तेव्हा तो तसाच बसला होता, हात मांडीवरच्या सुतात. तिनं कापडाकडे पाहिलं. सहा दिवस ती रोज सकाळी त्या मागाजवळ उभी राहायची. कापड कुठं थांबलंय ते तिला पाठ होतं.

"मामंजी, हे काय केलंत?"

"दोरा तुटला होता."

"म्हणून?"

"तुटला होता गं दोरा. हात आपोआप..."

तिनं घागर खाली ठेवली. ओरडली नाही, रडलीही नाही. भिंतीला टेकून म्हणाली, "त्या सकाळी कांडी द्यायला गेले तर म्हणाले, डावा हात जड झालाय, मुंग्या येताहेत. मी म्हटलं, उठा, चोळून देते. तर म्हणाले, एवढी कांडी संपू दे, बाबा ऐकताहेत."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. बाहेर कुणीतरी बादली आपटली, कुत्रं भुंकलं. माग सगळे गप्प.

सून पुढं आली. त्याच्या मांडीवरचं सूत तिनं गोळा केलं. एकदा विणलं गेलेलं सूत, उसवलं तरी सरळ होत नाही. कुरळं झालेलं. तिनं रहाटावर बसून ते हळूहळू कांडीवर भरलं आणि कांडी धोट्यात घालून त्याच्यापुढं धरली.

"हे त्यांचं सूत आहे. हेच घाला. आणि लाल दोरा ह्याच्या पुढं."

"ते खोटं होईल पोरी."

"होऊ दे. तिथपर्यंत विणूनच उठले होते ते. मी पाहिलंय."

म्हातारा आयुष्यात कापडाबद्दल खोटं बोलला नव्हता, व्याह्याशीसुद्धा. पण त्यानं धोटा घेतला. पोराच्या हातासारखं सैल विणायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं. ठोका अर्धा द्यायचा, मधेच विसरायचा. चारपाच ओळी जमल्या. पुढं हात ऐकेना. पन्नास वर्षांचा हात, तो आपल्याच रस्त्यानं चालला. चार बोटं कापड फळीसारखं घट्ट आलं. त्यापुढं त्यानं लाल दोरा घातला. मग उरलेलं दोन दिवसांत पुरं केलं, मान वर न करता.

थोरला आला तेव्हा गल्ली दारात लोटली होती. ढोल्या सगळ्यांच्या पुढं, श्वास रोखून. थोरल्यानं कापडाची सुरुवात मागितली आणि बोटं सरकवायला लागला. विरळ भागावर बोटं थबकायची, परत चालायची. त्याचा चेहरा बघवेना. अर्धं कापड झालं, पाऊण झालं. लाल दोऱ्याच्या अलीकडे चार बोटांवर हात थांबला. मागं गेला, परत पुढं आला. भुवया वर गेल्या.

"शेवटी शेवटी बापासारखा हात बसत आला होता याचा," थोरला म्हणाला.

दारातून एक मोठा उसासा आला. कुणीतरी "वा!" म्हणालं. ढोल्यानं तर डोळेच पुसले.

म्हातारा उभा होता. थोरला वाट पाहत होता, आंधळे डोळे त्याच्याकडे करून. सून भिंतीशी उभी, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत. घरच्यांनी बोलल्याशिवाय ते पुरं होत नव्हतं.

"ऐकलं," म्हातारा म्हणाला.

थोड्याच वेळात माग वाजायला लागले. आधी ढोल्याचा, मग समोरचा, मग एकेक करून सगळी गल्ली. जाता जाता लोक म्हाताऱ्याच्या दंडाला हात लावून जात होते. "दादा, पोरानं नाव राखलं तुझं." तो मान हलवत होता.

दार लोटल्यावर दोघं उरली. सून रहाटापाशी बसली, पण रहाट फिरवला नाही तिनं.

"सैल होता गं त्याचा हात," म्हातारा म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"हो," सून म्हणाली. "सैलच होता."

मग दोघंही रडली, आणि बाहेरच्या ठोक्यांमुळे गल्लीत कुणाला ते ऐकू गेलं नाही.