आईच्या भिंतीवरचं माप

आईच्या खोलीतल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं माप अजून तसंच आहे, दहा बाय बारा. रंगारी आला तेव्हा प्रत्येक खोलीत टेप लावून त्याने आकडे थेट भिंतीवरच लिहिले होते. मी कुरकुरलो, तर म्हणाला, "साहेब, रंगाखाली जाणारच आहे ते."

मग त्याने खर्चाचा अंदाज दिला आणि मी काटछाट करायला बसलो. हॉल सोडता येत नव्हता, तिथे पाहुणे बसतात. मुलांनी त्यांच्या खोलीचा रंग आधीच निवडला होता. बाहेरची बाजू तर अख्ख्या गल्लीला दिसते. उरली आईची खोली. गुडघ्यांमुळे ती हल्ली तिथून फारशी बाहेर येत नाही. "माझी राहू दे रे," तीच म्हणाली, "इथे कोण येतंय बघायला?" मला हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

आपण घराला रंग काढतो तो नक्की कोणासाठी? दिवसभर भिंतीकडे बघत पडून असणाऱ्या माणसासाठी नाहीच. दारातून डोकावून, चहा पिऊन निघून जाणाऱ्यांसाठी.

बाकीच्या घरातले आकडे रंगाखाली गेले. हा एवढाच उरला, आईच्या पलंगासमोर. काल खोडरबर घेऊन तिच्या खोलीत गेलो. तिने हाताने थांबवलं.

"असू दे. रंगवायचं तुझ्या मनात होतं, एवढं तरी दिसतं त्यावरून."