सात चित्रांची जुळणी
तिसऱ्याला वाचता येऊ नयेत असे निरोप पाठवणारी अ‍ॅप्स ज्यातून बनतात, तो खुला, फुकट सॉफ्टवेअर-संच एक कारकून सुट्टीच्या दिवशी सांभाळायचा. नवी आवृत्ती काढण्याआधी मध्ये कुणी तिसरा नाही याची खूण म्हणून दोन फोनवर तीच सात चित्रं उमटतात का, हे दोन माणसांनी मोठ्यानं वाचून ताडून पाहायचं असे. शेजारच्या खोलीतून, शिवणयंत्र थांबवून, त्याची ताई वाचायची.

"घोडा."

"नीट बघ, ताई."

"घोडाच आहे रे. गाढव तिकडे फोन धरून बसलंय."

ताई वारल्यावर, पुढच्या आवृत्तीच्या वेळी, त्यानं दोन्ही फोन स्वतःच धरले. सातही चित्रं जुळली. 'समोरच्या माणसानं वाचून दाखवली का?' पडद्यावर प्रश्न आला. तो त्यानंच लिहिलेला होता. त्यानं 'नाही' दाबलं आणि संच सांभाळणाऱ्या सोबत्यांना कळवलं, "ही तपासणी यापुढे दुसऱ्या कुणीतरी करा. माझ्या घरी आता मी एकटाच असतो."