दार लावायचा प्रवेश

नाटक मंडळीतल्या गमती कुणी लिहून ठेवत नाही, तरी त्या साठतच जातात. आमची कल्याणची मंडळी दिवसा रेल्वेच्या कचेरीत आणि संध्याकाळी तालमीला. मी प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत उभं राहून वाक्यं पुरवणारा. त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठल्यात!

आमचं नाटक भयंकर होतं. थोरला भाऊ कर्जापायी धाकट्याचं घर परस्पर गहाण टाकतो. शेवटी भिकेला लागून त्याच्याच दारात येतो. धाकटा "माझा भाऊ मेला" म्हणून दार लावून घेतो. पडदा!

*

आईचं काम तात्याकडे. त्याला भरघोस मिशी! वडील हयात असताना ती काढायची कशी? वडील स्वतः तालमीला येऊन बजावून गेले, "अजून मी आहे!"

मग तात्या तिन्ही अंक तोंडाला पदर लावून वावरला. बायका म्हणाल्या, "माउली किती रडत होती हो!"

*

थोरला झाला नाना, धाकटा यशवंत. दोघे खरेच सख्खे भाऊ. वाटणीत घरात मधोमध भिंत उठली आणि बोलणं बंद झालं. मला फार वाईट वाटायचं, पण तालमीत हसू आवरायचं नाही.

एकदा नाना मला म्हणाला, "त्याला सांग, तो माझ्या पायावर उभा आहे."

शेजारूनच यशवंत म्हणाला, "त्याला सांग, पाय काढून घ्यायचा!"

*

कल्याणच्या खेळानंतर नाना आमच्याबरोबर बाजारात गेला. ठाकुर्लीची मासेवाली खेळ पाहून आलेली, ती टोपली झाकूनच बसली. "भावाचा घर खाल्लास, आता माजे बोंबील पन खाशील?"

आम्ही हसलो. नाना हसला नाही. रिकामी पिशवी घेऊन घरी गेला.

*

मग ठाण्याचा खेळ. शेवटचा प्रवेश. नानाने दार वाजवलं. यशवंताने उघडलं आणि नुसता बघतच राहिला.

मी हळूच पुरवलं, "माझा भाऊ मेला." छे! मग जरा जोरात, "माझा भाऊ मेला!" पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं.

यशवंत विंगेकडे वळून माझ्यावर ओरडला, "तुझा मेला असेल!"

मग दारातून बाजूला झाला. "आत ये, नाना. जेवून घे."

मांडवात मग एकच गिल्ला, "वन्स मोअर!"

वन्स मोअर मिळाला की प्रवेश पुन्हा करायचा, हा रिवाज. नाना डोळे पुसत बाहेर गेला. यशवंताने दार लावलं.

या खेपेला नानाने दार वाजवलंच नाही. ढकलून सरळ आत शिरला आणि म्हणाला, "बोंबील आहेत का रे?"