गोलकीपरची आजी

मी कॉलेजात हॉकी खेळायचे, याचं सासरी कुणाला काडीचं कौतुक नव्हतं. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमागे मस्कतला आले. तिथल्या दार्सैत भागातल्या फ्लॅटमध्ये वर्षभर भिंती बघत बसले, जीव नुसता विटला. मग मुलींच्या एका कॉलेजात हॉकीची कोच म्हणून लागले, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच केलं.

मैदानाला चारी बाजूंनी उंच भिंत. मुली आल्या की अबाया काढून ठेवायच्या, आत ट्रॅकसूट घातलेलाच असायचा, की यल्ला, चला! पळायला सगळ्या वाघिणी, पण गोलात उभं राहा म्हटलं की पाय मागे. एकच पोरगी दांडगी होती, बॉलला न घाबरणारी. आणि पहिल्याच मोठ्या मॅचच्या तोंडावर नेमकी तीच यायची बंद झाली. का, तर आजी नको म्हणते. झालं! प्रिन्सिपलबाईंनी आधीच बजावलं होतं, या वेळी टीम उतरली नाही तर हॉकी खलास.

शुक्रवारी नवऱ्याला घेऊन मी तडक तिच्या घरी गेले. त्याला अंगणापलीकडे पुरुषांच्या बैठकीत, मजलिसमध्ये बसवलं, मला आत बायकांत. आजी मत्रहच्या बाजारातल्या भारतीय दुकानदारांकडून शिकलेली हिंदी बोलायची. कॉफी आली, खजूर आला, मग हे एवढं ताट भरून मटण-भात. नेमकी संकष्टी! म्हटलं, माफ करा, आज माझा रोजा आहे.

आजी माझ्या हातातल्या कॉफीकडे बघतच राहिली. "रोजा? फिर ये क्या पीता?"

"आमच्यात चालतं."

"खजूर?"

"तोही चालतो." बोलतेच आहे तर बटाटा, शेंगदाणे, साबुदाणा, सगळं सांगून टाकलं.

"फिर भूका कब रहता?"

बायका पोट धरधरून हसायला लागल्या. मला असा राग आला म्हणता! चंद्र दिसेपर्यंत भाताला शिवायचं नाही, हे काय सोपं आहे का, म्हणून तावातावाने भांडले. मग माझं मलाच हसू फुटलं.

हसता हसता आजीने मनातलं बोलून टाकलं. "बॉल मुँह पे लगेगा. नाक टूटेगा, दाँत जायेगा. फिर शादी कौन करेगा?"

नात कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. मी हेल्मेटचं, त्याच्या जाळीचं सांगत सुटले, पण आजीचं लक्षच नव्हतं. ती माझ्या हनुवटीकडे बघत होती. तिथे टाक्यांचा व्रण आहे.

"ये हॉकी का?"

आता संपलंच सगळं. पण खोटं कसं बोलणार? "हो."

"शादी के बाद?"

"आधी. साखरपुडा झाला होता."

"आदमी क्या बोला?"

"त्याने विचारलं, मॅच जिंकलात का?"

आजी गुडघ्यांवर हात टेकत उठली, खिडकीशी गेली आणि पडदा किंचित सारून पलीकडे मजलिसमध्ये बघत राहिली. माझा अर्धटकल्या नवरा, ज्याला उपासतापासाशी काही देणंघेणं नाही, मांडी घालून मटण चापत होता. तिने त्याला चांगलं निरखून घेतलं.

मग नातीकडे वळून म्हणाली, "जाओ, खेलो. जिसको आना है, देख के आयेगा."

पोरगी धावत येऊन माझ्या गळ्यातच पडली. मला हुश्श झालं, आणि लगेच रडूच आवरेना. बायकांना वाटलं, टीम वाचली म्हणून रडते आहे. ते तर होतंच. पण मला आमच्या लग्नाचा अल्बमही आठवला होता. त्या अख्ख्या अल्बममध्ये मी एकदाही सरळ कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. व्रणाची बाजू दिसता कामा नये, असं घरच्यांनी फोटोग्राफरला सांगितलं होतं.